कॅमेऱ्याच्या भात्यातलं चांदणं

बरुआसागरची अम्मा पहिल्यांदा आमच्या दाराशी आली तेव्हा मे महिना होता आणि झाशीचं ऊन सकाळीच अंगाला चटके देत होतं. बरोबर तिची सून होती. सुनेच्या एका हातात मोबाइल होता आणि दुसऱ्या हातात त्यांच्या शेतातल्या आल्याची पिशवी. दार मी उघडलं.

"बिन्नू, फोटूवाली बाईसाब इतईं रहतीं?" अम्माने विचारलं.

फोटोवाली बाईसाब म्हणजे माझी आई. तिला कुणी त्या नावाने हाक मारलेली मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. आत वळून मी म्हटलं, "आई, कोणीतरी तुला विचारतंय. फोटोसाठी." आई कोथिंबीर निवडत होती. तिचे हात थांबले.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. भुसावळहून बदली होऊन झाशीला आले आणि इथलेच होऊन गेले. सिप्री बाजारात तेव्हा एका मराठी गृहस्थांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या झाशीतलं. आपल्यासारखं बोलणारी बाई शेजारच्या रेल्वे कॉलनीत आली आहे आणि तिचा हात चित्रात चांगला आहे, हे कळल्यावर त्यांनी आईला निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने काम करायला दिलं. देवीचे व्रण पुसायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं हलकी करायची. ते करता करता आई कॅमेराही शिकली. पुढे ते थकले, त्यांनी स्टुडिओ बंद केला आणि लाकडी कॅमेरा आईला दिला. आईने आमच्या पुढच्या खोलीत पडदा लावला आणि फक्त बायकांचे फोटो काढायला सुरुवात केली.

त्या काळी या भागात परक्या पुरुषासमोर घुंगट वर करून बसणं बायकांना जमण्यासारखं नव्हतं. त्यामुळे चिरगाँव, मोठ, बरुआसागर, कुठून कुठून बसने बायका यायच्या. कुणी लग्न ठरवायच्या फोटोसाठी, कुणी नवरा परगावी आहे म्हणून. मी शाळेतून आले की खोलीत अनोळखी अत्तराचा नाहीतर मोहरीच्या तेलाचा वास असायचा. मग रंगीत फोटोंच्या लॅब आल्या, पाठोपाठ मोबाइल आले, आणि एक दिवस आईने फोटोच्या औषधांचे ट्रे धुऊन पालथे घातले. कॅमेरा रजईच्या जुन्या खोळीत गुंडाळून माळ्यावर गेला. एका हॉटेलवाल्याने तो शोभेसाठी मागितला होता. आई त्याला म्हणाली, "वो सजाने की चीज़ नहीं है, भैया." त्यापुढे तो विषय निघाला नव्हता.

आता वडील नाहीत. मी इथल्या इंटर कॉलेजात भूगोल शिकवते. घरात आई आणि मी, दोघीच.

अम्मा आमच्या बाजेवर बसली, गूळ-पाणी घेतलं आणि सांगू लागली. लग्न झालं त्या वर्षी सासूने तिला इथे आणलं होतं. तो फोटो अजून त्यांच्या घरात भिंतीवर आहे. आता तिला दुसरा हवा होता, त्याच कॅमेऱ्यातला.

"ऊ फोटू में हमें सास ने बिठाओ तो," ती म्हणाली. "अब की हम अपने मन से बैठहें." तेव्हा सासूने बसवलं होतं, आता तिला आपल्या मनाने बसायचं होतं.

मी म्हटलं, अम्मा, तो कॅमेरा आता बंद आहे, मी मोबाइलवर छान काढते. काढलाही. तिच्यापुढे धरला. तिने डोळे बारीक करून पाहिला आणि हसून मान हलवली. "जा में तो हम निकर गए, बिन्नू. बैठे नईंयाँ." यात मी नुसती निघून गेले, बसलेली नाही, असं तिचं म्हणणं. सून तोंडावर पदर धरून हसली. तिच्या मोबाइलमध्ये म्हणे सासूचे ढीगभर फोटो होते आणि एकही सासूला पसंत नव्हता.

आईने कोथिंबीर बाजूला ठेवली. मग म्हणाली, "गंगा दसहरा हो जाने दो, जिज्जी. उसके बाद आना."

त्या दोघी गेल्यावर मी आईला विचारलं, "अगं, तो चालतो तरी का?"

"बघू या ना," आई म्हणाली आणि पुन्हा कोथिंबीर निवडायला लागली. तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि उजव्याने तिला धूसरच दिसतं. होकार देताना तिने हा विचार केला होता की नाही, मला कळेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही कॅमेरा खाली काढला. सागवानी चौकटी ठीक होत्या, पितळ काळवंडलं होतं, भिंग चिंधीने पुसल्यावर लख्ख झालं. वाईट अवस्था होती ती भात्याची. या कॅमेऱ्यात पुढे भिंग आणि मागे दुधी काच, आणि मधल्या जागेत लोहाराच्या भात्यासारखी घड्याघड्यांची काळी कापडी पेटी असते. तिला आई भाताच म्हणते. तो मागेपुढे सरकवून चित्र स्पष्ट करायचं. आत अंधार टिकवणं हे त्याचं एकमेव काम. आमच्या भात्याच्या घड्यांचे कोपरे झिजून तडकले होते.

"वर घेऊन चल," आई म्हणाली. "भोकं किती आहेत ते उन्हात कळतं."

आम्ही दोघींनी मिळून तो गच्चीवर नेला. तिने भिंगावर टोपण लावलं, मागची दुधी काच काढून घेतली आणि मला म्हणाली, "आता तिथे तोंड घाल. वरून मी कापड टाकते."

मी वाकून चेहरा आत घातला. आईने माझ्या डोक्यावर जाड काळं कापड टाकलं आणि मानेभोवती गच्च धरलं. आत जुन्या चामड्याचा आणि धुळीचा वास होता. काहीच दिसत नव्हतं.

"काही नाही दिसत गं. चांगला आहे भाता."

"थांब. डोळ्यांना वेळ दे."

मी थांबले. पाठीवर ऊन भाजत होतं, कानाशी घाम ओघळत होता. आणि मग उजवीकडे वर एक ठिपका उगवला. त्याच्या शेजारी दुसरा. मग एका घडीच्या कडेने ओळच्या ओळ. बघता बघता तो सगळा काळोख चांदण्यांनी भरून गेला. काही पांढऱ्या, काही किंचित पिवळ्या, एक-दोन इतक्या बारीक की थेट पाहिलं की नाहीशा व्हायच्या आणि नजर बाजूला केली की परत यायच्या. मी वर्गात मुलींना नक्षत्रं शिकवते. एवढं स्वच्छ आकाश झाशीत मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं, आणि ते आता माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर, भर उन्हात, एका खोक्यात होतं. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

"दिसलं?" बाहेरून आईचा आवाज आला.

"आई, किती सुंदर आहे हे!"

"सुंदर आहे खरं," ती म्हणाली, "पण ते सगळं बंद करायचंय."

बंद करायला पहिल्यांदा मी कोपऱ्यावरच्या बिजलीच्या दुकानातून वायरला गुंडाळायची काळी टेप आणली. टेप काळी, भाता काळा, माझ्या मते प्रश्न संपला होता. आईने ती बोटांत धरून ताणून पाहिली. मी आत तोंड घालून भोक दाखवायचे आणि बाहेरून आई बोटाने चाचपून तिथे तुकडा लावायची. दुपारपर्यंत माझं आकाश पुष्कळसं विझलं. भाता मिटून आम्ही कॅमेरा खोलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उघडायला गेलो तर भाता उघडेना. खोली दिवसभर भट्टीसारखी तापलेली. टेपचा गोंद पाकासारखा पातळ होऊन कडेने बाहेर आला होता आणि घडीला घडी चिकटली होती. तुकडे जागचे सरकले होते. मी घाईने ओढायला गेले, तशी आईने माझा हात धरला. "ओढू नकोस, कापड येईल बरोबर." मग पंख्याखाली बसून खोबरेल तेलाचा बोळा आणि गव्हाच्या पिठाची चिमूट घेऊन तिने एकेक घडी सोडवली. चष्मा कपाळावर चढवलेला, डोळे जवळजवळ मिटलेले. तिचं बोट कापडावरून जात होतं आणि नेमकं गोंदाच्या डागावर थांबत होतं. मला वाटलं होतं की या कामात मी तिचे डोळे होईन. आता पंखा जरा तिच्याकडे वळवण्यापलीकडे मला काही करण्यासारखं नव्हतं.

"आता जी आणशील ती आधी तपासू," ती म्हणाली. "पुढच्या खिडकीवर सकाळी समोरून ऊन येतं. काचेवर लाव आणि आतून बघ."

मग मी मिळेल तिथून टेपा गोळा केल्या. पुस्तकं बांधणाऱ्याकडची कापडी, औषधाच्या दुकानातली, नळाच्या सामानातली, खोकी बंद करायची. काळ्या नव्हत्या त्यांच्यावर मी काळी शाई फासली. खिडकीच्या काचेवर एकाखाली एक पट्ट्या लावल्या, बाकीची काच पुठ्ठ्याने झाकली आणि ऊन चढल्यावर आम्ही दोघी खोलीत समोर बसलो.

काळा रंग म्हणजे काय, हे तोपर्यंत मला माहीत असल्यासारखं वाटत होतं. ती बिजलीची टेप उन्हासमोर बिनदुधाच्या चहासारखी तांबूस झाली होती. शाई फासलेली पट्टी जांभळी पेटली होती. पुस्तकवाल्याच्या टेपमधून ताणाबाणा दिसत होता, प्रत्येक दोन धाग्यांच्या मध्ये एक ठिपका. नुसत्या पाहण्यात ज्या सगळ्या काळ्याकुट्ट होत्या, त्यांच्यातून सूर्य आपला रस्ता काढून आत येत होता. इतक्या लांबून निघालेला उजेड, आणि शेवटच्या क्षणी त्याला अडवायला एक पट्टी पुरेना. मी कधी कुठल्या देवळात उभी राहिले नसेन इतकी गप्प त्या खिडकीसमोर बसले होते.

एक पट्टी मात्र संपूर्ण अंधारी होती. ती मी आमच्या गल्लीतल्या, लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या मुलीकडून आणली होती. ते लोक मांडवात जमिनीवरच्या वायरी या टेपने चिकटवतात. कापडी, जाड, बिनचमक. आईने ती हातात घेतली, चुरगळली, बोटाने वाकवली. "टेप चांगली आहे. चौकटीला लावू. पण घडीवर लावली तर भाता मिटणार नाही. फार जाड आहे."

"मग घडीला काय?"

"पातळ हवी. घडी पडली तरी तुटायला नको. या उन्हात वितळायला नको. आणि चमक नको. आत उजेड चकाकला की चित्र पांढरट येतं." तिने ती पट्टी बाजूला ठेवली. "पूर्वी एक कागदी टेप यायची, खास कॅमेऱ्याची. आता कुठे मिळते कोण जाणे."

मी मोबाइलवर शोधली. एका ठिकाणी होती, पण येता येता गंगा दसहरा होऊन कितीतरी दिवस जाणार होते. फोटोचा कागद आणि औषधं मात्र मी मागवून टाकली. आईला ते आवडलं नाही. "आधी भाता होऊ दे की," ती म्हणाली. मला वाटतं तिला भीती वाटायला लागली होती.

त्याच आठवड्यात परीक्षेच्या कामासाठी मी आणि आमच्या कॉलेजातल्या एक मॅडम त्यांच्या गाडीने मोठला गेलो. परतताना, चिरगाँव यायच्या आधी, कानपूर रस्त्यावर गाडी बंद पडली. बाभळीची विरळ सावली, बाजूने ट्रक धडधडत चाललेले, आणि उन्हाळी वाऱ्याची लू अशी की ओढणीने तोंड बांधून घ्यावं लागलं. जवळच्या ढाब्यावरून एक मेकॅनिक आला. त्याने बॉनेट उघडलं, आतून गरम हवेचा लोट आला आणि तो वायरी चाचपू लागला. मॅडम सावलीत जाऊन उभ्या राहिल्या. मी मात्र तिथून हलू शकले नाही. इंजिनाच्या अगदी जवळून जाणाऱ्या त्या सगळ्या वायरींवर एक काळी टेप गुंडाळलेली होती. पातळ कापडाची, काजळासारखी बिनचमक. वळणावळणांवर ती वायरीबरोबर वळली होती. गाडी कितीतरी वर्षांची जुनी, तरी कुठे गोंद सुटलेला नव्हता.

"भैया, ये टेप कौन सी है?"

त्याने मान वर केली. गाडीचं काय झालंय हे विचारायचं सोडून मी टेपचं विचारते आहे, हे त्याला जरा विचित्र वाटलं असावं. "कौन सी क्या, मैडम. वायरिंग वाली है. कपड़े की."

"गर्मी से छूटती नहीं?"

"इंजन पे नहीं छूटती तो और कहाँ छूटेगी?" तो म्हणाला आणि परत कामाला लागला. गाडी चालू झाल्यावर मी त्याच्याकडे ती टेप मागितली. त्याने डब्यातून अर्धं वापरलेलं वेटोळं काढून दिलं. मॅडम रस्ताभर माझ्याकडे अधूनमधून बघत राहिल्या.

आईने टेप हातात घेतली आणि तिचा चेहरा बदलला. तिने ती गालाला लावून पाहिली, घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "अगं, हे तर भात्याचंच कापड वाटतंय," ती म्हणाली.

खिडकीवर एका थरातून उजेडाची बारीक धूळ येत होती. दुसरा थर आडवा लावला आणि ती धूळ गेली. एक तुकडा दिवसभर गच्चीवरच्या तापल्या पत्र्यावर ठेवला. संध्याकाळी पत्र्याला हात लावता येत नव्हता, पण टेप होती तशी होती.

मग चार दिवस रोज सकाळी आम्ही ते काम केलं. आई नखाएवढे तुकडे कापायची, त्यांचे कोपरे गोल करायची, म्हणजे ते उचकटत नाहीत. मी आत तोंड घालून सांगायचे, "वरच्या बाजूला, तिसरी घडी, जरा डावीकडे," आणि तिचं बोट बाहेरून फिरत फिरत आलं की तिथली चांदणी झाकली जायची. "तेच. तिथेच." एक तुकडा बसला की ती जागा कायमची काळी. शेवटची चांदणी अगदी खालच्या कोपऱ्यात होती. ती सांगायच्या आधी मी थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. बाहेरून आई म्हणाली, "झालं का सगळं?" मी म्हटलं, "एक राहिली." तिचं बोट आलं आणि सगळीकडे दाट, मखमली अंधार झाला. आयुष्यात एवढा पुरता अंधार मी पाहिला नव्हता. तो आम्ही दोघींनी हाताने केलेला होता.

गंगा दसहऱ्यानंतर अम्मा आली, सून बरोबर. अम्माने केसांना तेल लावलं नव्हतं. पांढरेशुभ्र केस धुऊन नीट मागे घेतले होते आणि निळ्या काठाची साडी नेसली होती. आईने तिला खोलीत खिडकीच्या बाजूला खुर्चीवर बसवलं. चित्र स्पष्ट करायला मला कापडाखाली जावं लागलं, कारण दुधी काचेवरचं आईला आता दिसत नाही.

मी लहानपणी पाहिलं होतं, पण विसरले होते. काचेवर अम्मा उलटी होती, डोकं खाली आणि रंगांसकट, साडीचा निळा काठ, कपाळावरची लाल टिकली. आणि ती जिवंत होती. पापणी हलली, गळ्याजवळची शीर हलली. मी भाता सरकवला तशी ती धुक्यातून पुढे आली आणि एका ठिकाणी तिचे डोळे इतके स्वच्छ झाले की मीच दचकले.

"डोळ्यावर घे," आई कापडाबाहेरून म्हणाली. "बाकीचं आपोआप येतं."

आईने भिंगावर टोपण लावलं, दुधी काचेच्या जागी फोटोचा कागद भरलेली चपटी लाकडी पेटी सरकवली आणि तिचं झाकण वर ओढलं. "जिज्जी, अब हिलना नहीं." तिने भिंगावरचं टोपण काढलं. खोलीत कुणी हललं नाही. एक दीर्घ श्वास सोडावा तेवढा वेळ गेला आणि आईने टोपण परत लावलं.

न्हाणीघराची खिडकी आम्ही पुठ्ठ्याने आणि त्या मांडववाल्या जाड टेपने बंद केली होती. लाल दिवा लावला. अम्मा म्हणाली, मीही बघणार. मग आम्ही चौघी त्या एवढ्याशा जागेत उभ्या राहिलो. आईने कागद औषधात घातला. थोड्या वेळाने त्यावर सावली उमटायला लागली, आणि तिच्याबरोबर डाव्या कडेने एक काळा लोळ आत पसरला. तो अम्माच्या खांद्यावरून गळ्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

इतकं सगळं करून कुठूनतरी उजेड आत गेला होता. मी म्हटलं, "भाता तर पूर्ण बंद आहे. मी स्वतः पाहिलंय."

बाहेर येऊन आईने ती लाकडी पेटी हातात घेतली. ती पुस्तकासारखी उघडते, आणि तिच्या बिजागरावर एक जुनं कापड चिकटवलेलं असतं. आईने त्यावरून बोट फिरवलं. "इथे," ती म्हणाली. कापड विरून गेलं होतं. पेटी आम्ही तपासलीच नव्हती. तीच वायरिंगची टेप तिने दुहेरी करून तिथे लावली, पेटी उघडून मिटून पाहिली, पुन्हा उघडली.

"जिज्जी, एक बार और बैठोगी?"

"बैठबे तो आए हैं," अम्मा म्हणाली.

दुसऱ्यांदा ती जास्त चांगली बसली असं मला वाटलं. पहिल्यांदा ती फोटो काढून घेत होती. आता ती नुसती बसली होती.

लाल दिव्याखाली दुसरा कागद औषधात गेला. आई ट्रेचा कोपरा हलके हलके उचलत होती. कोरा कागद, कोरा कागद, आणि मग साडी. मग खुर्चीची पाठ. मग एकाएकी सगळा चेहरा, कुठूनही आत आल्यासारखा नाही, जणू तिथेच होता आणि आता वर आला. कडा स्वच्छ होत्या. मी आईचा दंड धरला. ट्रेमधलं पाणी एकसारखं हलत होतं.

आधी कागदावर येणारं चित्र उलट्या छटांचं असतं. पांढरं ते काळं, काळं ते पांढरं. अम्माला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती ट्रेवर वाकली. तिच्या कपाळावरून मागे गेलेले केस कागदावर काळेभोर होते.

"काए बाईसाब," ती हळूच म्हणाली, "हमाए बार तो फिर करिया हो गए."

कुणी हसलं नाही. सुनेने घुंगट कधी मागे टाकला होता मला कळलंच नाही. तिने सासूचा हात हातात घेतला. आई म्हणाली, "इसमें होते हैं, जिज्जी. अभी सफ़ेद कर दूँगी." अम्मा म्हणाली, "तनक रुको. देख लेन दो."

आम्ही थांबलो. तिचं पाहून झाल्यावर आईने कागद चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत घातला, धुतला, पंख्याखाली वाळवला. मग तो दुसऱ्या कोऱ्या कागदावर उपडा ठेवला, वर काच, आणि क्षणभर पांढरा दिवा. यावेळी औषधातून जी बाई आली तिचे केस पांढरे होते आणि चेहऱ्यावर एकेक सुरकुती रेखलेली. डोळे सरळ आमच्याकडे. तिच्या बसण्यात असं काही होतं की मी नकळत पदर सारखा केला.

अम्माने तो फोटो बराच वेळ पाहिला. मग, ही आपणच खरी, अशी मान डोलावली. "हओ. जे हैं हम."

तिच्यासाठी मी चहा टाकला, आईने आल्याचा मोठा तुकडा ठेचून दिला. चहा पिताना सून काहीतरी बोलायच्या बेतात होती आणि बोलत नव्हती. शेवटी तिने मोबाइल बाजेवर पालथा ठेवला आणि आईकडे न बघता विचारलं, "बाईसाब, हमाई भी हो जाएगी?"

आईने माझ्याकडे पाहिलं. कागद अजून होते. खिडकीतला उजेड थोडा वळला होता म्हणून आम्ही खुर्ची सरकवली. मी पुन्हा कापडाखाली गेले. काचेवर ती सून उलटी बसली होती, मोबाइलसमोर करतात तसं तोंडभर हसत. मी भाता सरकवत राहिले, आणि हळूहळू तिचं ते हसू गेलं, खांदे खाली आले, आणि ती तिथे बसली.